सीझन बॉल

सीएसएमटीच्या भुयारी मार्गातून वर येतो तेव्हा सकाळचे दहा वाजलेले आहेत. डिसेंबरातला रविवार. आंदोलकांच्या मांडवांना वळसा घालून आम्ही आझाद मैदानात शिरतो आणि बारा वर्षांचा पुतण्या जागच्या जागी थांबतो.

"काका, यातली मॅच कुठली?"

त्याचं चुकत नाही. समोर एक सामना नाही, सामन्यांचा बाजार मांडलाय. एकाचा कव्हर दुसऱ्याच्या मिडऑनला पाठ लावून उभा आहे. अपील एकीकडून ऐकू येतं, पंचाचं बोट भलतीकडेच वर जातं. सगळेच पांढऱ्या कपड्यांत. कोण कुणाचा हे खेळणाऱ्यालाच ठाऊक. या मैदानात बावीस खेळपट्ट्या आहेत, असं सांगतात.

आमच्या तुडीलला मैदान म्हणजे भाताचं खाचर. कापणी झाली की ज्यात वाल पेरायचे नाहीत, ते पोरांचं. धसकटं उपटायची, ढेकळं फोडायची, पाणी शिंपून मधली पट्टी धोपटायची. बांध ओलांडला की चौकार. ज्याने मारला त्याने आणायचा. पाऊस लागला की तिथे पुन्हा चिखलणी, क्रिकेट बंद.

"इथे कांगा लीग पावसातच खेळतात," मी सांगतो. "१९४८ पासून."

"चिखलात?"

"चिखलात. ओल्या खेळपट्टीवर जो टिकला तो कुठेही टिकतो, असा मुंबईचा हिशोब."

एका तंबूच्या सावलीत माळी बसलेत. खेळपट्टीची निगा राखणाऱ्याला इथे माळीच म्हणतात. आमचं बोलणं त्यांच्या कानावर पडलंय.

"कुठले पावणे?"

"तुडील. महाडचा खाडीपट्टा."

"मग शेजारचेच की. मी पोलादपूरचा." ते सरकून जागा करतात. काल संध्याकाळी पाणी मारलं, पहाटे रोलर फिरवला, असं सांगताना बोटाने खेळपट्टीची लांबी हवेत रेखतात. पाणी जास्त झालं तर खेळपट्टी झोपते, कमी झालं तर फुटते. "तंबू क्लबांचे, जागा सरकारची, रोलर माझा," म्हणून हसतात.

"सचिन-कांबळी इथेच ना?" पुतण्याचा प्रश्न तयारच असतो.

"इथेच. फेब्रुवारी अठ्ठ्याऐंशी. शारदाश्रमच्या त्या दोन पोरांनी सेंट झेवियर्सला पार दमवलं. हॅरिस शील्ड. ६६४ धावा, दोघंही नाबाद. मी तेव्हा गावाला होतो. पण इथे विचारशील तो म्हणतो, मी समोर उभा राहून बघितली!"

मैदान तिरकं कापत एक पायवाट फॅशन स्ट्रीटकडे जाते. आम्ही ती धरतो. पिशव्या घेतलेले, मोबाइलवर बोलणारे, घाईतले लोक सामन्यांच्या मधूनच चाललेत आणि खेळणाऱ्यांना त्याचं काही नाही. एवढ्यात आरोळी येते. लाल चेंडू गवतावरून घसरत वाटेवर येतोय. पुढचा गृहस्थ पाय उचलून बाजूला होतो. पुतण्या मात्र वाकतो, दोन्ही हातांनी अडवतो आणि उभा राहून फेकतो. चेंडू एका टप्प्यात क्षेत्ररक्षकाच्या हातात.

"थँक्यू, मित्रा!" तो पोरगा ओरडतो.

पुतण्या तळहात चोळतोय. टेनिसच्या चेंडूवर वाढलेल्या हाताला आज पहिल्यांदा सीझन बॉल लागलाय. "दगड आहे," तो म्हणतो. पण हात खिशात घालत नाही, मला दाखवतो.

वाटेच्या दक्षिणेला कुंपण लागतं. पलीकडे राखलेली हिरवळ, मागे उतरत्या छपरांची लांबट इमारत. बॉम्बे जिमखाना, स्थापना १८७५. आम्ही बाहेरूनच बघतो.

"भारतातली पहिली कसोटी इथे झाली," मी म्हणतो. "१५ ते १८ डिसेंबर १९३३. आपला कर्णधार सी. के. नायडू, इंग्लंडचा जार्डिन. पहिलीच कसोटी खेळणाऱ्या लाला अमरनाथने दुसऱ्या डावात ११८ केल्या. भारताचं कसोटीतलं ते पहिलं शतक."

"जिंकलो?"

"नऊ गड्यांनी हरलो. आणि ज्या जिमखान्यात खेळलो, तिथे त्या काळी आपल्या माणसाला सभासद होता येत नव्हतं."

तो कुंपणाकडे बघतो, मग मागे मैदानाकडे. मी त्याला घोड्यांची गोष्ट सांगतो. साहेबांची क्रिकेटची हिरवळ राखलेली होती. पोलोसाठी मात्र ते बाहेरच्या, पारशी-हिंदू पोरांच्या मैदानावर घोडे घालत. टापांनी खेळपट्ट्या उखडत. पारशी खेळाडूंनी १८८० च्या दशकात अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी त्या भांडणावर १८९७ साली पुस्तकच लिहिलं.

"मग हरवलं की नाही त्यांना?"

"१९०६ साली, याच जिमखान्याच्या मैदानावर. हिंदू संघाने गोऱ्यांना १०९ धावांनी हरवलं. त्यात बाळू पालवणकर होता, डावखुरा फिरकीवाला. चांभार घरातला. पुण्यात साहेबांच्या क्लबात रोलर फिरवायचा, जाळी बांधायचा, साहेबांना सरावाला गोलंदाजी टाकायचा."

"म्हणजे माळीच?" तो वळून तंबूकडे बघतो.

"माळीच. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतलं. पण चहा मिळायचा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली त्याने इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. मिळालं ते धाकट्या भावाला, विठ्ठलला. १९२३ साली."

पोरगा काही बोलत नाही. त्याच्या शाळेची सहल महाडला चवदार तळ्यावर जाऊन आलीय, तेव्हा पुढचं त्याला जुळवता येईल. त्याच १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर. पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं. बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा.

"म्हणजे संघात घेतलं, पण पेला वेगळा," तो अखेर म्हणतो.

मी मान हलवतो. याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

ऊन चढलंय. परत फिरून आम्ही माळ्यांच्या तंबूशी येतो. कोपऱ्यात निळा पिंप, त्यावर झाकण, झाकणावर स्टीलचा एकच पेला. बाद होऊन आलेला फलंदाज पॅड न सोडता पाणी पितो. त्याच्या मागे प्रतिस्पर्धी संघाचा यष्टिरक्षक, मग पंच, मग रस्त्यावरून आत आलेला चणेवाला. पेला हातोहात फिरतोय. कुणी कुणाला काही विचारत नाही.

"घे रे, खाडीपट्ट्या," माळी पेला भरून पुतण्यापुढे धरतात. तो एका दमात पितो आणि पेला मागे उभ्या असलेल्या गोलंदाजाला देतो.

निघताना तो खेळपट्ट्यांकडे बोट करत पुटपुटतोय. जिमखान्याच्या मैदानावर कसोटी झाली ती एकच. अलीकडे, या मोकळ्या मैदानात, आत्ता तेरा सामने चालू आहेत. पुतण्याने मोजलेत.