गरोदरपणातलं लोह : ताटातलं आणि अंगी लागलेलं

१९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत होत्या, काही बाळंतपणात दगावत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेतून काम करताना तिने त्यांचं रक्त तपासलं, शिवाय त्या रोज काय खातात हेही बारकाईने टिपलं. भाजीपाला आणि फळं ज्यांच्या वाट्याला कमी येत, त्यांना हा आजार जास्त होता. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. तोच फॉलिक अॅसिड. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत आज ६० मिलिग्रॅम लोहाच्या जोडीला ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं.

गिरण्या गेल्या, पण रक्तक्षय गेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली निघालं. त्यात शेतावर जाणारी आहे, तशीच सकाळची लोकल पकडणारीही आहे. दोघींनाही बहुतेक वेळा कमी पडतं ते लोह.

एवढं लोह लागतं कशाला?

गरोदरपणात आईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. बाळ आणि वार यांचा वाटा निराळा, आणि बाळंतपणात थोडं रक्त जाणारच. या सगळ्याला नऊ महिन्यांत मिळून सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागतं. मुळात साठा भरलेला असेल तर निभतं. पण पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या, घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या मुलीचा साठा दिवस जाण्याआधीच संपत आलेला असतो.

मग जिना चढताना धाप लागते, डोकं गरगरतं, दुपारी उभं राहवत नाही. 'या दिवसांत असं होतंच' म्हणून ते अंगावर काढलं जातं. पाटीवरची पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटला की घरात डोहाळे म्हणून कौतुक होतं. अशा वेळी हिमोग्लोबिन तपासावं, कारण ती लोहाच्या कमतरतेची खूण असू शकते. रक्तक्षय असेल तर बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर दुसरी बाई जो सोसते तोच हिच्या जिवावर बेततो.

आपल्याच ताटाचा हिशेब

गरोदर स्त्रीला आहारातून रोज २७ मिलिग्रॅम लोह मिळावं, अशी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. बाजरीच्या दोन भाकऱ्यांतून साधारण साडेसात मिलिग्रॅम मिळतं. वाटीभर मटकीच्या उसळीतून तीन, शंभर ग्रॅम मेथीतून साडेपाच, दोन चमचे तिळाच्या चटणीतून दीड. एका जेवणात सतरा-अठरापर्यंत मजल जाते. तेच जेवण पांढऱ्या भाताचं आणि बटाट्याच्या भाजीचं असेल, तर जेमतेम एक-दोन. कुळीथ, मसूर, हरभरा, राजगिरा, लाल माठ, शेवग्याचा पाला या गोष्टी आपल्या बाजारात सहज मिळतात.

ज्यांच्या नावाचा बोलबाला, ते मात्र या हिशेबात मागे पडतात. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. गुळाच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅम मिळतो. ते खायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर राहू नये.

मांसाहारातलं लोह शरीर कितीतरी सहज शोषून घेतं. मटण, तिसऱ्या, मासळी नीट शिजवून खावी. कलेजी लोहाने भरलेली असली तरी तिच्यात 'अ' जीवनसत्त्व फार असतं, त्यामुळे गरोदरपणात ती टाळलेली बरी.

चहा जरा उशिरा

धान्य-भाजीतलं लोह सगळं रक्तात उतरत नाही. आपल्या नेहमीच्या जेवणातून शंभरातले पाच ते आठ भागच अंगी लागतात. म्हणून काय खाल्लं याइतकंच ते कशासोबत खाल्लं हे पाहावं लागतं.

कांदेपोह्यांचंच बघा. पोह्यांत तांदळापेक्षा कितीतरी जास्त लोह असतं, आणि वरून पिळलेल्या लिंबातलं 'क' जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं. पण बशी खाली ठेवण्याआधीच चहाचा कप हातात येतो, आणि चहातलं टॅनिन हे शोषण निम्म्याहून खाली आणतं. तोच चहा तासाभराने घेतला तर पोह्यांचा पुरेपूर उपयोग होतो. घाईच्या दिवसात याला वेगळा वेळ लागत नाही, पैसाही लागत नाही. घरून पोहे खाऊन निघावं, चहा ऑफिसात पोचल्यावर घ्यावा.

डब्यातही थोडक्यात भागतं. भाकरी-उसळीसोबत लिंबाची फोड आणि पेरूच्या चार फोडी किंवा आवळा द्यावा. मटकी आदल्या दिवशी भिजवून मोड आणले की तिच्यातले लोह अडवणारे फायटेट कमी होतात. ती कच्ची खाऊ नये, शिजवूनच खावी. पर्समध्ये फुटाण्यांची पुडी किंवा राजगिऱ्याचा लाडू ठेवला, तर संध्याकाळच्या गाडीत वडापाववर वेळ येत नाही. भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह तिच्यातूनही उतरतं, फक्त ती शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावी. अळिवाचे लाडू मात्र बाळंतपणानंतरच. आधी खायचे तर डॉक्टरांना विचारून.

गोळी का घ्यायची?

एवढं सांभाळूनही शेवटच्या महिन्यांची गरज ताटातून पुरी होत नाही. म्हणून चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असं 'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात ठरलं आहे. ती चहा-दुधासोबत घेऊ नये. कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास दूर ठेवावी. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झाला तर गोळी सोडू नये, डॉक्टरांना सांगून वेळ किंवा प्रकार बदलून घ्यावा.

महिनाभर गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हललं नाही, तर कारण शोधायला हवं. पोटात जंत असू शकतात. विदर्भात आणि आदिवासी भागांत सिकलसेल असू शकतो, थॅलेसेमियाही असू शकतो. तिथे नुसत्या लोहाने काम होत नाही. दिवस भरत आले असतील आणि हिमोग्लोबिन फारच कमी असेल, तर शिरेतून लोह देता येतं.

हे सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर टाकू नका. मेथी नवऱ्याने निवडावी, मटकी सासूबाईंनी भिजत घालावी, घरातला चहा सगळ्यांनीच तासभर उशिरा प्यावा, आणि पहिलं ताट तिचं वाढावं. सातव्या महिन्यात ओटी भरायला जाल तेव्हा साडीचा रंग विचाराच, पण 'हिमोग्लोबिन किती आलं?' हेही विचारा. आकडा अकराच्या खाली असेल, तर त्याच आठवड्यात तिच्यासोबत दवाखान्यात जा.