सागाच्या पानांची जाळी करणारा पतंग

उज्जैनच्या आसमंतात गहू-सोयाबीनची शेती अफाट आणि अरण्य नाममात्र; परंतु शेजारच्या देवास जिल्ह्यात कन्नोद-खातेगावच्या बाजूस गेले, की सागाचे रान लागते, आणि पावसाळा सरत असता, इतर वृक्ष अद्याप हिरवे असताना, हेच रान एकाएकी होरपळल्यासारखे तांबूस दिसू लागते. पाऊस ओढला, झाडांस रोग जडला, असे नाना तर्क मग सुरू होतात. वस्तुतः एखादे पान तोडून उजेडासमोर धरावे, म्हणजे शिरांचे बारीक जाळे शाबूत असून मधला हिरवा भाग तेवढा नाहीसा झालेला आढळतो. इतकी सफाई अवर्षणाला साधत नाही.

हे काम युटेक्टोना मॅकेरॅलिस या पतंगाच्या अळीचे. पंख पसरून पतंग दोन-अडीच सेंटिमीटर भरतो. पिवळसर पंखांवर तांबूस नागमोडी रेघा असतात. त्याच्यावरच पाने खाल्ल्याचा आरोप ठेवण्याची रीत आहे, पण आरोपीस चावण्याजोगे जबडेच नाहीत! मादी पानांवर सुटी सुटी अंडी घालते. हिरवट अळी रेशमाच्या विरळ आच्छादनाखाली राहून शिरांमधील गर खाते आणि पानातच कोष करते. उबदार हवेत हा सारा क्रम तीन-चार आठवड्यांत आटोपतो व पिढीमागून पिढी निपजते. थंडी पडली, की पूर्ण वाढलेल्या अळ्या गळालेल्या पानांत निद्रिस्त राहतात.

सागाचा आणखी एक शत्रू आहे, हायब्लिया प्युरा, आणि या दोघांची गल्लत तर नित्याचीच. त्याचा पतंग आकाराने मोठा, मागील पंख काळे व त्यांवर नारिंगी पट्टे. त्याची अळी जाळी ठेवीत नाही, मुख्य शिरा सोडून पान फस्त करते, आणि तेही कोवळी पालवी फुटण्याच्या हंगामात. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूर येथील कोवळ्या सागलागवडीत दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडला. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार हायब्लियामुळे लाकडाची संभाव्य वाढ 44 टक्क्यांनी घटली होती, जाळी करणाऱ्या अळीमुळे मात्र लक्षणीय घट आढळली नाही. डोळ्यांस भयंकर दिसणारे नुकसान तिजोरीस भयंकर असतेच असे नाही, हे जंगलखात्याच्या जमाखर्चापुरते तरी खरे. कारण उघड आहे: ही अळी मुख्यत्वे वाढीचा हंगाम उलटल्यावर, गळतीस आलेल्या जून पानांवर येते, जे पान झाड लवकरच टाकून देणार, तेच ती खाते.

उज्जैनमधील शिंदेशाहीच्या अमदानीतील वाड्यांत सागवानी तुळई पोखरलेली दिसली, तर त्याचेही खापर याच अळीवर फोडणारे भेटतात. ती लाकडाला तोंड लावीत नाही. तेथे फिर्याद करायचीच तर वाळवीवर किंवा लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांवर करावी.