विश्वासरावांना चुकवून गेलेली गोळी

पर्यायी इतिहासकथा एका खऱ्या घटनेचा निकाल बदलते आणि पुढचा काळ नव्याने रचते. हॅरी टर्टलडव्ह यांच्या ‘डेज ऑफ इन्फमी’ (२००४) या कादंबरीत जपानी आरमार पर्ल हार्बरवर हल्ला करून परतत नाही. हवाई बेटेच जिंकते. मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये १७६१च्या पानिपतच्या लढाईत पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांचा प्रत्यक्षात जीव घेणारी गोळी त्यांना नुसती चाटून जाते, मराठे जिंकतात आणि इंग्रजांच्या हाती फक्त मुंबई उरते. नारळीकर या कल्पनेला पुंज सिद्धांताचा आधार देतात, हे तिचे खरे बळ. मराठी आरमाराच्या इतिहासात असा निकाल बदलून पाहण्याजोगे वळण १७५६चे: विजयदुर्गला इंग्रजांनी, पेशव्यांशी हातमिळवणी करून, मराठी आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांचे आरमार जाळले.