सहा दशकांनंतरही ‘गोल्डफिंगर’ची क्रेझ का?

१९६४चा ‘गोल्डफिंगर’ आठवला की शॉन कॉनरीच्या जेम्स बाँडसोबत आठवते ती अ‍ॅस्टन मार्टिन डीबी ५. फिरणारी नंबर प्लेट, धुराचा पडदा आणि गिअरवरचं बटण दाबताच शत्रूला बाहेर फेकणारी सीट!

कारण काय?
तेव्हा कॉम्प्युटर ग्राफिक्स नव्हते. जॉन स्टिअर्स यांच्या टीमने बरीच यंत्रणा गाडीत प्रत्यक्ष बसवली. त्यामुळे बटण दाबल्यावर काय हलतं, हे प्रेक्षकाला दिसतं. आजच्या हेरपटांत नायक बहुतेकदा स्क्रीनवर कोड टाइप करतो. ती मजा त्यात नाही.

आठवणींची किंमत किती?
कंपनीने २०२० मध्ये ‘गोल्डफिंगर’ छापाच्या २५ नव्या गाड्यांचं उत्पादन सुरू केलं. किंमत २७.५ लाख पौंड, कर वेगळा. रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. गिअरवर बटण आहे, सीट मात्र उडत नाही.