बहात्तराव्या वर्षीची कात्री

दिवाळीची आवराआवर करताना रंगीत कागदांचे कपटे केरात लोटण्यापूर्वी, भगिनींनो, इंग्लंडातल्या मेरी डिलेनीबाईंची हकीकत ऐका. बाईंचा हात भरतकामात सराईत. १७६८ साली पती वारले. पुढे बहात्तराव्या वर्षी (आपल्याकडे या वयात हाती जपमाळ देतात!) जिरेनियमच्या पाकळीशी हुबेहूब जुळणारा लाल कागद त्यांना दिसला. सुईदोरा जाणणाऱ्या हाताने कात्री उचलली. मैत्रिणीला ते कागदी फूल खरेच वाटले! मग काळ्या पार्श्वभूमीवर बारीक बारीक कपटे चिकटवीत सुमारे दहा वर्षांत ९८५ फुलझाडे उमलली. एका फुलाला कधी शेकडो कपटे लागत. कुठे खरे वाळलेले पानही त्यांत बेमालूम बसवलेले. १७८२ साली दृष्टी अधू झाली, तेव्हाच कात्री खाली ठेवली. ती फुले आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.