अंथरुणाला खिळलेलं माणूस आणि मदतीचा पैसा : ऐकीव काय, खरं काय

नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी होते आणि लकवा मारलेल्या वडिलांना घेऊन ॲम्ब्युलन्स उमरेड रोडला लागते. पिशवीत डिस्चार्ज कार्ड, काही दिवसांच्या गोळ्या आणि नाकातल्या नळीतून पातळ आहार कसा द्यायचा याची चिठ्ठी. बिल योजनेतून भागलेलं असतं, त्यामुळे मोठा खर्च टळला असं घरच्यांना वाटतं. खरा खर्च घरी सुरू होतो. डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्याची फी, रात्री उशाशी बसायला ब्युरोतून आणलेली बाई. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात: ‘कार्ड काढा, सगळं मिळते.’ ‘काही मिळत नाही, नुसत्या चकरा.’

दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. घरच्या शुश्रूषेचा सगळा खर्च उचलणारी एक योजना आपल्याकडे नाही. पैसा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि प्रत्येक तुकड्याचं कार्यालय निराळं असतं. कुठला तुकडा कुठे मिळतो हे ठाऊक असलं, तर बऱ्याच चकरा वाचतात.

गैरसमज : आयुष्मान कार्ड आहे, म्हणजे पाच लाखांपर्यंत घरचा खर्चही निघेल.

वस्तुस्थिती : महात्मा फुले जनआरोग्य योजना असो की सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड, पाच लाखांची मर्यादा आहे ती दवाखान्यात भरती होऊन घेतलेल्या उपचारांची. आयुष्मान भारतमध्ये सुट्टीनंतरच्या १५ दिवसांची औषधं आणि तपासण्या धरल्या आहेत. सोळाव्या दिवसापासून खिसा आपला. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच. ते पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, घरच्या बाईच्या पगाराला येत नाहीत.

गैरसमज : खासगी विम्यात घरचे उपचार लिहिलेत, म्हणजे बाईचा पगारही मिळेल.

वस्तुस्थिती : पॉलिसीतले घरचे उपचार म्हणजे भरती करण्याइतका आजार असताना रुग्णाला हलवता येत नाही किंवा खाट मिळत नाही, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी केलेले उपचार. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवून बसवणं यासाठी ठेवलेल्या माणसाचा खर्च विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत मोडतो, मग ते काम शिकलेली नर्स करो की साधी बाई. पॉलिसी घेतानाच अपवादांचं पान वाचून घ्यावं.

गैरसमज : निराधार योजना ज्याला कुणीच नाही त्याच्यासाठी.

वस्तुस्थिती : नावामुळे ही समजूत पक्की झाली आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत ६५ वर्षांखालच्या विधवा आणि दिव्यांग तर येतातच. पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग, कुष्ठरोग अशा आजारामुळे स्वतःचं पोट भरू न शकणारेही येतात. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना. दोन्हींत महिना १,५०० रुपये.

खरी अडचण उत्पन्नाची आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला १,७५०. श्रावणबाळमध्ये दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तरी चालतं, आणि संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० आहे. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) खाणीतून निवृत्त झालेल्या आणि बऱ्यापैकी पेन्शन घेणाऱ्या माणसाचं घर यात सहसा बसत नाही; शेतमजुराचं बसू शकतं. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूतून करायचा. पैसा थेट बँकेत येतो, त्यामुळे खातं आधारशी जोडलेलं हवं. मंजुरी होऊनही रक्कम येत नसेल, तर आधी बँकेत जाऊन हे तपासावं.

गैरसमज : वय झालं, आता दिव्यांग प्रमाणपत्र कशाला?

वस्तुस्थिती : घरोघरी सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. म्हातारपणी हातपाय गेले की लोक त्याला वय म्हणतात, दिव्यांगत्व म्हणत नाहीत. कायदा तसा भेद करत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत पार्किन्सनचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. लकव्याने आलेलं अपंगत्वही चलनवलनाच्या दिव्यांगत्वात मोजलं जातं. चाळीस टक्क्यांपासून बहुतेक लाभ सुरू होतात.

याचा हिशेब सरळ आहे. राज्याने सप्टेंबर २०२५ मध्ये संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांचं अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये केलं. पासष्टीच्या पुढच्या, श्रावणबाळचे १,५०० घेणाऱ्या आणि एक बाजू गेलेल्या आजीजवळ प्रमाणपत्र नसेल, तर तिचे वर्षाला १२,००० रुपये बुडतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणीला नागपूरला जायचं. लकव्यानंतर प्रकृती स्थिरावल्यावरच टक्केवारी ठरते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात धावपळ करण्यात अर्थ नाही.

हेच प्रमाणपत्र आणखी दोन ठिकाणी चालतं. नगर परिषद आणि ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तिथे नाव नोंदवून लेखी अर्ज दिला, तरच विचारता येतं. दुसरं ठिकाण आयकराचं. अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांसाठी जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, तीव्र दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० ची. १९६१च्या कायद्यात हे कलम ८०डीडी होतं आणि त्यात शुश्रूषेचा खर्च नाव घेऊन धरलेला आहे. घरात शिक्षक किंवा वेकोलिचा नोकरदार असेल तर त्याने हे पाहावंच.

गैरसमज : वयोश्री योजनेत दर महिन्याला ३,००० मिळतात.

वस्तुस्थिती : मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये एकदाच मिळतात. वय ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं. पैसे वस्तूंसाठी आहेत: वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, श्रवणयंत्र, कंबरेचा पट्टा. खरेदीचं बिल नंतर द्यावं लागतं, म्हणून पक्की पावती घ्यावी.

गैरसमज : मुलगा पैसे देत नसेल तर कोर्टात वर्षं जातात.

वस्तुस्थिती : २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने हे काम उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे दिलं आहे. उमरेडला उपविभागीय अधिकाऱ्यांचं कार्यालय गावातच आहे. निकाल साधारण ९० दिवसांत द्यायचा असतो आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवता येतो. कायद्याच्या व्याख्येत निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा यांसोबत वैद्यकीय देखभालही येते. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा शेत बक्षीस दिलं आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं. ती अट लिहून घेतलेली असावी. अर्ज कसा करायचा हे कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.

या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं. लग्न झालेली मुलगीही त्यात येते, सून येत नाही.

गैरसमज : सेवा करणाऱ्याला सरकार पगार देतं.

वस्तुस्थिती : दिव्यांग कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, पण योजना आखणं राज्यांवर सोडलं आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ नावाने खिळलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याला छोटी मासिक मदत मिळते. आपल्याकडच्या वर सांगितलेल्या सगळ्या योजनांत पैसा येतो तो रुग्णाच्या नावावर. दिवसरात्र कूस बदलून देणारी, नळीतून पेज घालणारी सून यातल्या एकाही अर्जात नाही. निकषांत बसत असेल तर लाडकी बहीणचे १,५०० तिच्या नावावर येऊ शकतात, पण ते या कामाचे नव्हेत. सासूला मात्र श्रावणबाळ आणि लाडकी बहीण दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

गैरसमज : हयातीच्या दाखल्यासाठी रुग्णाला उचलून न्यावंच लागतं.

वस्तुस्थिती : भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून घरूनच दाखला देता येतो, थोडे शुल्क घेऊन पोस्टमनही घरी येऊन करून देतो. खाणीच्या किंवा दुसऱ्या पेन्शनसाठी ही सोय आहे का, हे संबंधित कार्यालयात आधी विचारून घ्यावं, मगच ऑटो बोलवावा.

आता पुन्हा त्या पिशवीकडे. घरी आल्यावर गोळ्या डब्यात जातात, नळीची चिठ्ठी भिंतीला चिकटते आणि डिस्चार्ज कार्ड पलंगाखाली कुठेतरी राहतं. आजार, तारीख, डॉक्टरांची सही हे सगळं त्या एका कागदावर असतं. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज त्याच्यापासून सुरू होतो आणि पुढचे बरेचसे अर्ज त्या प्रमाणपत्रापासून. उमरेडला पोचल्यावर पहिलं काम तेवढंच: त्याच्या दहा झेरॉक्स काढा आणि मूळ कागद रेशन कार्डासोबत ठेवा.