गुणगुणणारा अॅम्प्लिफायर

व्हॉल्व्हचे रेडिओ घराघरांतून कधीच गेले, पण गिटार वाजवणाऱ्यांनी व्हॉल्व्हला अजून सोडलेले नाही. व्हॉल्व्हवर ताण पडला की आवाजाला जो किंचित खरखरीत गोडवा येतो, तो त्यांना हवा असतो. म्हणून आजही हौशी मंडळी घरी असा अॅम्प्लिफायर बांधतात. बऱ्याच जणांची सुरुवात फेंडर या अमेरिकन कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या 'चॅम्प'च्या नकलेने होते. त्यात अवघे तीन व्हॉल्व्ह. एसीचे डीसी करणारा एक, संकेत दोनदा वाढवणारा १२एएक्स७ आणि स्पीकर हलवणारा ६व्ही६. सगळे जोडून बटण दाबावे, आणि गिटारच्या तारेला हात लावण्याआधीच स्पीकर 'हूंऽऽ' करू लागतो!

हा आवाज येतो कुठून? हे शोधताना ओहमच्या नियमापासून चुंबकीय प्रवर्तनापर्यंत नववी-दहावीचे बरेचसे भौतिकशास्त्र कामाला येते.

पहिले काम कानाचे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. तिचे दोन्ही अर्धे भाग वापरून डीसी केले की त्यात उरणारी लहर १०० हर्ट्झची असते. या दोन स्वरांतला फरक ओळखायला गिटारच पुरते. सर्वांत जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडली की ९८ हर्ट्झचा स्वर मिळतो. गुणगुण त्याच्याशी जुळली तर दोष बहुधा डीसी पुरवठ्यात. त्याच्या खालच्या सप्तकातली असेल तर व्हॉल्व्हच्या तापतंतूंच्या तारा किंवा ट्रान्सफॉर्मर यांच्यावर संशय घ्यावा. मात्र लहान स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवत नाही. आपल्याला वरचे उपस्वरच जास्त ऐकू येतात, त्यामुळे कानावर एकट्यावर विसंबू नये.

दुसरी परीक्षा आवाजाच्या बटणाची. चॅम्पमध्ये ते १२एएक्स७च्या दोन भागांच्या मधे असते. बटण फिरवल्यावर गुणगुण कमी-जास्त झाली तर ती बटणाच्या आधी शिरते आहे. न बदलली तर नंतर. मग अॅम्प्लिफायर बंद करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर १२एएक्स७ काढून ठेवावा आणि पुन्हा चालू करावे. तरीही गुणगुण तेवढीच असेल तर ६व्ही६, पुरवठा आणि ट्रान्सफॉर्मर एवढेच संशयित उरतात.

झाकण उघडण्यापूर्वी मात्र थांबावे. आत सुमारे ३५० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहू शकतात. योग्य वॉटचा रोधक जोडून ते उतरवावेत, आणि उतरले की नाही हे मल्टिमीटरने पाहावे. हे काम मुलांच्या हाती देऊ नये.

आता पुरवठा पाहू. हा अॅम्प्लिफायर साधारण ५० मिलिअँपिअर घेतो. कपॅसिटर दर शंभराव्या सेकंदाला भरतो आणि मधल्या काळात रिता होत जातो. जुन्या नकाशातला पहिला कपॅसिटर १६ मायक्रोफॅरडचा. प्रवाहाला काळाने गुणून धारकतेने भागले तर ३१ व्होल्टची लहर येते! प्रत्यक्षात ती थोडी कमी असते, आणि पुढचे कपॅसिटर ती आणखी गाळतात. पण कपॅसिटर जुना होऊन सुकला की धारकता घटते आणि १०० हर्ट्झ स्पीकरपर्यंत पोचतो. शेजारी चांगला कपॅसिटर समांतर जोडून पाहिला (अर्थात वीज बंद करून) की निकाल लगेच लागतो.

खरी गंमत अर्थच्या तारेत आहे. आपण फळ्यावर अर्थची खूण काढतो आणि तिथे शून्य व्होल्ट आहेत असे गृहीत धरतो. पण ३० सेंटिमीटर लांब, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेलाही सुमारे ०.०१ ओहम रोध असतो. कपॅसिटर भरताना तिच्यातून ०.२ अँपिअरचे हिसके जात असतील तर टोकांमध्ये २ मिलिव्होल्ट पडतात. व्हॉल्व्ह वाढवतो तो ग्रिड आणि कॅथोड यांच्यातला फरक. गिटारचा सॉकेट या तारेच्या एका टोकाला आणि पहिल्या व्हॉल्व्हचा कॅथोड दुसऱ्या टोकाला जोडला असेल, तर हे २ मिलिव्होल्ट गिटारच्या संकेतात मिसळतात. पुढे ते हजारेक पट वाढून ६व्ही६जवळ २ व्होल्ट होतात. म्हणजे कपॅसिटर कितीही मोठा घातला तरी ही गुणगुण जाणार नाही! भरणाऱ्या प्रवाहाची परतीची वाट निराळी ठेवून ती ट्रान्सफॉर्मर आणि पहिला कपॅसिटर यांच्यातच मिटवायची, आणि संकेताच्या तारा सॉकेटजवळ एकत्र आणायच्या, हाच उपाय. या दोषाचा आवाजही गोल 'हूं' नसून चरचरीत असतो, कारण हिसक्यांत वरचे उपस्वर भरपूर असतात.

गुणगुण घालवायला काही जण प्लगची तिसरी, अर्थची पिन तोडतात. कधी गुणगुण जातेही. पण आत एखादी तार सुटून धातूच्या पेटीला लागली की गिटारच्या तारांवर मुख्य वीज येऊ शकते. १९७२ साली स्वॉन्झी इथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. त्याने हात लावलेल्या मायक्रोफोनला अर्थिंग नव्हते. ती पिन तोडू नये, एवढेच.

तापतंतूंना ६.३ व्होल्टची एसी लागते. तिच्या दोन तारांना घट्ट पीळ घालावा. जाणाऱ्या आणि येणाऱ्या प्रवाहांची क्षेत्रे एकमेकांना बऱ्याच अंशी खोडतात. दोन्ही तारांपासून अर्थला १०० ओहमचा एकेक रोधक जोडला तर उरलेलाही बराचसा तोल साधतो.

ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्राचा प्रयोग वर्गात करता येतो. बॅटरीवरच्या छोट्या अॅम्प्लिफायरला पुष्कळ वेढ्यांची एक कॉइल जोडा आणि ती पूर्ण बंद पेटीतल्या अॅडॅप्टरजवळ धरून हळूहळू फिरवा. एका कोनात गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. बांधताना दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी काटकोनात ठेवतात ते याचसाठी. गिटारचा पिकअप हीही एक कॉइलच! गिबसन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली उलट जोडलेल्या दोन कॉइलींचा पिकअप बनवला. बाहेरची गुणगुण दोन्हींत उलट येऊन खोडली जाते, तारेचा संकेत मात्र बेरजेत येतो.

शिट्टी वाजत असेल तर स्पीकरकडून मागे आणलेल्या तारेची दिशा चुकली असावी. ऋण प्रतिपोषणाचे धन झाले की अॅम्प्लिफायर स्वतःच वाजू लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या दोन तारांची अदलाबदल पुरते. कडकड आवाजासाठी बांबूच्या काडीने प्रत्येक जोड हलकेच ठोकून पाहावा. कच्चा डाख लगेच बोलतो. पेन्सिल वापरू नये, तिच्यातले ग्रॅफाइट वीजवाहक आहे.

हे सगळे झाल्यावर जो बारीक 'स्स्स' उरतो, तो कुठल्याही जोडणीचा दोष नाही. रोधकातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत धडपडत असतात. जॉन्सनने तो आवाज मोजला आणि नायक्विस्टने १९२८ साली त्याचे सूत्र मांडले. ग्रिडजवळच्या ६८ किलोओहमच्या रोधकात साध्या खोलीच्या तापमानाला, १० हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, तो सुमारे ३ मायक्रोव्होल्ट भरतो.